सीआयमध्ये टेस्ट क्रॅश झाली? ‘री-रन’ दाबण्याआधी हे करा

लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट हिरव्या, प्रत्येक बदलावर बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सीआयवर मात्र मध्येच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ आणि जॉब लाल. अशा वेळी हात आपोआप ‘री-रन’ बटणाकडे जातो. दुसऱ्या खेपेला जॉब पास होतो, पुल रिक्वेस्ट मर्ज होते आणि बग कोडमध्ये तसाच राहतो. शिवाय गिटहबच्या होस्टेड रनरवर, म्हणजे जॉब चालवायला गिटहबच पुरवतो त्या यंत्रणेवर, प्रत्येक जॉबला नवी कोरी व्हर्च्युअल मशीन मिळते. पहिल्या रनची मशीन तोवर पुसली गेलेली असते, आणि तिच्याबरोबर कोअर फाइल (मरणाऱ्या प्रोसेसच्या मेमरीची प्रत), कर्नलचा लॉग, टेम्प फोल्डरमधल्या फायली असा सगळा पुरावाही गेलेला असतो. म्हणून क्रॅश पहिल्यांदा होईल तेव्हाच पुरावा हाती लागेल अशी जॉबची मांडणी आधी करून ठेवावी लागते. ती असेल तर पुढचं काम बहुतेकदा वाचनाचं उरतं. नसेल तर अंदाजांचं.

खालचं सगळं लिनक्सवरच्या सी++ कोडला आणि पायथनमधून नेटिव्ह लायब्ररी वापरणाऱ्या टेस्टना लागू आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगने द्यायच्या.

एक्झिट कोड काय सांगतो

सिग्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने पोचवलेल्या ठरावीक सूचनेने, मेलेल्या प्रोसेससाठी शेल १२८ अधिक सिग्नलचा नंबर असा कोड देतो. तेवढ्या एका आकड्यावरून कुठे शोधायचं आणि कुठे वेळ घालवायचा नाही हे ठरतं.

१३९ म्हणजे सिग्नल ११, सेगफॉल्ट. प्रोग्रॅमने नको त्या पत्त्यावर हात घातला.

१३४ म्हणजे सिग्नल ६, अबॉर्ट. इथे प्रोग्रॅम स्वतःहून थांबला आहे: असर्ट फेल झाला, एक्सेप्शन कुणी पकडलं नाही, किंवा जीलिबसीला, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीला, हीप (चालताना मागून घेतलेली मेमरी) बिघडलेला दिसला. कारण बहुधा एक-दोन ओळी वरच स्टँडर्ड एररवर छापलेलं असतं. ‘डबल फ्री ऑर करप्शन’, ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’, ‘प्युअर व्हर्च्युअल मेथड कॉल्ड’ यातलं काही दिसतंय का ते आधी पाहा.

१३७ म्हणजे सिग्नल ९. हा बाहेरून मारलेला प्रोसेस आहे, त्यामुळे कोडमध्ये पॉइंटर शोधत बसू नका. कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ आणि ‘किल्ड प्रोसेस’ ही ओळ शोधा. डॉकर असेल तर ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये ‘ओओएमकिल्ड’ ट्रू आहे का ते बघा. याचं नेहमीचं मूळ असं: कंटेनरला सीपीयूचा कोटा दिलेला असला तरी ‘एनप्रॉक’ कमांडच्या जुन्या आवृत्त्या होस्टचे सगळे सीपीयू कोअर मोजतात. ३२ कोअरच्या होस्टवर ४ जीबीच्या कंटेनरमध्ये ३२ टेस्ट वर्कर सुरू झाले की मेमरी संपणारच. वर्करची संख्या हाताने लिहा.

१३२ म्हणजे इल्लीगल इन्स्ट्रक्शन. ‘मार्च=नेटिव्ह’ (त्याच मशीनच्या सीपीयूला साजेसा कोड बनवणारा फ्लॅग) लावून एका मशीनवर केलेला बिल्ड कॅशमधून दुसऱ्या, जुन्या सीपीयूच्या रनरवर गेला की हे होतं. बिल्ड कॅशची की तपासा आणि तो फ्लॅग काढा.

१३५ म्हणजे बस एरर. डॉकरमध्ये ‘/डेव्ह/एसएचएम’ची जागा डीफॉल्टने फक्त ६४ एमबी असते. शेअर्ड मेमरी वापरणारे प्रोसेस, विशेषतः हेडलेस क्रोम, ती भरली की कोसळतात. ‘एसएचएम-साइज’ वाढवून १ जीबी केली की प्रश्न मिटतो.

१२४ हा क्रॅश नाही. ‘टाइमआउट’ कमांडने वेळ संपल्याचं कळवलं आहे. आणि पायथनच्या सबप्रोसेसमधून चालवत असाल तर १३९ऐवजी उणे ११ दिसेल; अर्थ तोच.

हा आकडा मध्येच गिळला जाऊ शकतो हे मात्र लक्षात असू द्या. टेस्टचं आउटपुट पाइपने ‘टी’ कमांडला दिलं तर एक्झिट कोड ‘टी’चा येतो आणि क्रॅश झालेला जॉब हिरवा दिसतो. गिटहब ॲक्शन्समध्ये स्टेपला ‘शेल: बॅश’ असं स्पष्ट लिहिलं तरच ‘पाइपफेल’ (पाइपमधली कोणतीही कमांड फेल झाली तर पूर्ण पाइप फेल धरणारा पर्याय) चालू होतो, काही न लिहिता जो डीफॉल्ट बॅश मिळतो त्यात तो नसतो. पाइप असलेल्या प्रत्येक स्टेपमध्ये ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहून टाकलेलं बरं.

दुसरी फसगत लॉगच्या शेवटच्या ओळीची. स्टँडर्ड आउटपुट टर्मिनलऐवजी पाइपला जोडलं की ते ओळीओळीने न जाता मोठ्या तुकड्यांत जातं. क्रॅशच्या क्षणी बफरमध्ये असलेल्या ओळी कधीच छापल्या जात नाहीत. त्यामुळे ‘लॉगमध्ये शेवटी अमुक टेस्ट दिसते, म्हणजे तीच दोषी’ हा निष्कर्ष धोक्याचा. पायथनसाठी ‘पायथनअनबफर्ड=१’ आणि इतर प्रोग्रॅमसाठी ‘एसटीडीबफ -ओएल’ लावलं की शेवटची ओळ विश्वासाची होते.

पुरावा धरून ठेवणं

हे बदल जॉबच्या फाइलमध्ये कायमचे करायचे, क्रॅश झाल्यावर नव्हे.

पहिलं, ‘युलिमिट -सी अनलिमिटेड’, म्हणजे कोअर फाइलच्या आकारावरची मर्यादा काढणं. ही मर्यादा त्या शेलपुरती आणि त्याच्या चाइल्ड प्रोसेसपुरतीच असते, म्हणून ती टेस्ट चालवणाऱ्या स्टेपमध्येच लिहा. वेगळ्या स्टेपमध्ये लिहिली तर काही उपयोग नाही.

दुसरं, कोअर फाइल कुठे पडणार ते ठरवा. उबुंटूवर कोअर पॅटर्न (कोअर कुठे आणि कोणत्या नावाने लिहायचा ते सांगणारं सेटिंग) बहुधा पाइपच्या चिन्हाने सुरू होतो, म्हणजे कोअर ॲपोर्ट या क्रॅश-रिपोर्ट प्रोग्रॅमकडे जातो आणि तुम्ही चालू फोल्डरमध्ये शोधत राहता. ‘सुडू सिस-सीटीएल -डब्ल्यू कर्नेल.कोअर_पॅटर्न=/टीएमपी/कोअर्स/कोअर.%ई.%पी.%टी’ असं सेट करा. यात %ई हे प्रोग्रॅमचं नाव, %पी प्रोसेस आयडी आणि %टी वेळ. फोल्डर आधी तयार करा, कारण कर्नल तो बनवत नाही, नसेल तर गुपचूप काहीच लिहीत नाही. हे सेटिंग अख्ख्या कर्नलचं असतं, कंटेनरला स्वतःचं वेगळं मिळत नाही. म्हणून डॉकरमध्ये टेस्ट चालत असतील तर सेटिंग होस्टवर करायचं आणि फोल्डर मात्र कंटेनरच्या आत हवा.

तिसरं, सिम्बॉल, म्हणजे ट्रेसमध्ये फंक्शनची नावं आणि ओळी दाखवणारी माहिती. बिल्डला ‘-जी’ आणि ‘-एफनो-ऑमिट-फ्रेम-पॉइंटर’ द्या. ‘-जी’ने जीसीसी वेगळा मशीन कोड बनवत नाही, फक्त बायनरीचा आकार वाढतो, म्हणून रिलीज बिल्डच्या टेस्टनाही तो लावायला हरकत नाही. ती माहिती काढायचीच (स्ट्रिप करायचंच) असेल तर टेस्ट झाल्यावर करा.

चौथं, स्टॅक ट्रेस (क्रॅशच्या क्षणी कोणतं फंक्शन कुणी बोलावलं होतं त्याची यादी) त्याच जॉबमध्ये काढा. ‘इफ: फेल्युअर()’ अशी अट घातलेली एक स्टेप ठेवा आणि तिच्यात प्रत्येक कोअर फाइलवर डीबगर, म्हणजे ‘जीडीबी -बॅच -ईएक्स "थ्रेड अप्लाय ऑल बीटी" प्रोग्रॅम कोअर’ चालवा. कोअर डाउनलोड करून लॅपटॉपवर उघडला तर तिथली लिबसी वेगळी असते, बिल्ड आयडी जुळत नाहीत आणि जीडीबी प्रश्नचिन्हांची रांग दाखवतो. रनरवर लायब्ररी नेमक्या त्याच असतात.

कोअर फाइल आर्टिफॅक्ट (जॉबनंतर डाउनलोड करता येणारी फाइल) म्हणून अपलोड करताना एक गोष्ट गांभीर्याने घ्या. कोअर ही त्या प्रोसेसची मेमरी आहे, आणि तिच्यात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही येतात: टोकन, डेटाबेसचा पासवर्ड, सगळं उघडं. लॉगमधली सिक्रेट्स गिटहब झाकतो, आर्टिफॅक्टमधली झाकत नाही. पब्लिक रेपोत फक्त ट्रेसचा मजकूर ठेवा, कोअर नको. ‘बीटी फुल’ लोकल व्हेरिएबलच्या किमतीही छापतो, तेव्हा तोही जपून.

पायटेस्ट या पायथनच्या टेस्ट-साधनात ५.० आवृत्तीपासून फॉल्टहँडलर (क्रॅशच्या वेळी स्टॅक छापणारं मॉड्यूल) आपोआप चालू असतो, त्यामुळे सेगफॉल्ट झाल्यावर निदान पायथनच्या बाजूचा स्टॅक मिळतो. त्याखालच्या सी++च्या फ्रेम (ट्रेसमधल्या एकेका फंक्शन-कॉलच्या नोंदी) त्यात नसतात. त्यासाठी कोअरच लागतो. ‘-व्ही’ लावा, म्हणजे टेस्टचं नाव ती सुरू होण्याआधी छापलं जातं. जेयुनिट एक्सएमएल रिपोर्टवर भिस्त ठेवू नका. पायटेस्ट तो शेवटी लिहितो. प्रोसेस मध्येच मेला की फाइलच नसते.

टेस्ट क्रॅश न होता अडकून बसत असेल तर ‘टाइमआउट -एस एबीआरटी ६००’ लिहून त्यापुढे तीच कमांड द्या. दहा मिनिटांनी प्रोसेसला अबॉर्ट सिग्नल मिळतो, कोअर पडतो, आणि कोणता थ्रेड कोणत्या लॉकवर थांबला होता ते ट्रेसमध्ये दिसतं.

ट्रेस कसा वाचायचा

आधी प्रोग्रॅमने ज्या पत्त्यावर हात घातला तो बघा. ०एक्स० ते काहीशे बाइटपर्यंतचा लहानसा पत्ता, समजा ०एक्स१८, असेल तर पॉइंटर नल आहे आणि ०एक्स१८, म्हणजे दशमानात २४, हा त्या क्लासमधल्या फील्डचा ऑफसेट आहे. जीडीबीत ‘पीटाइप /ओ’ दिलं की त्या ऑफसेटवरचं फील्ड कळतं. पत्ता भलामोठा आणि विचित्र असेल तर पॉइंटर बिघडलेला आहे; त्यात अक्षरांचे आस्की कोड ओळखू येत असतील तर त्यावर कुणीतरी स्ट्रिंग लिहिली आहे. एकाच फंक्शनच्या हजारो फ्रेम दिसल्या तर स्टॅक संपला. अल्पाइन लिनक्सच्या डॉकर इमेजमध्ये हे लवकर घडतं: तिच्या मसल या सी लायब्ररीत नव्या थ्रेडला डीफॉल्टने १२८ केबी स्टॅक मिळतो, जीलिबसीत नेहमीच्या सेटिंगवर ८ एमबी.

सर्वांत वरची फ्रेम मेमकॉपी, मॅलॉक किंवा स्ट्रिंगच्या कॉपीत असेल तर लायब्ररीला दोष देऊ नका. आपल्या कोडची पहिली फ्रेम मिळेपर्यंत खाली या. मॅलॉकच्या आतच कोसळलं असेल तर खरा घाव आधीच कुठेतरी झाला आहे. असा ट्रेस गुन्ह्याची जागा दाखवत नाही, म्हणून सरळ पुढच्या भागातल्या सॅनिटायझरकडे जा.

आता एक नमुना जवळून पाहू. टेस्टच्या फिक्सचरमध्ये (टेस्टची तयारी आणि आवराआवर करणाऱ्या क्लासमध्ये) दोन मेंबर आहेत: आधी ‘रिपोर्टक्यू’, नंतर ‘युनिक_पीटीआर<लॉगर>’. रिपोर्टक्यूचा स्वतःचा वर्कर थ्रेड आहे, तो रांगेतला प्रत्येक रिपोर्ट लॉगरला देतो. रिपोर्टक्यूचा डिस्ट्रक्टर रांग रिकामी होईपर्यंत थांबून त्या थ्रेडला जॉइन करतो, म्हणजे तो संपण्याची वाट पाहतो. सीआयवर दर वीस रनमागे एखादा १३९ येतो. कोअरमध्ये क्रॅश झालेला थ्रेड असा दिसतो: फ्रेम ० ‘लॉगर::राइट’, फ्रेम १ ‘रिपोर्टक्यू::वर्कर’. ‘धिस’ पॉइंटर वरवर चांगला, पण त्यातल्या किमती कचरा. एवढ्यावर बोट लॉगरकडे जातं. पण सगळ्या थ्रेडचा ट्रेस घेतला असेल तर मुख्य थ्रेडही दिसतो, आणि तो ‘~रिपोर्टक्यू’मधल्या जॉइनवर थांबलेला असतो. म्हणजे फिक्सचर मोडायला सुरुवात झाली होती. सी++मध्ये मेंबर ज्या क्रमाने लिहिले त्याच्या उलट क्रमाने नष्ट होतात. लॉगर आधी गेला, क्यू नंतर, आणि मधल्या वेळात वर्कर गेलेल्या लॉगरला लिहीत होता. लॅपटॉपवर टेस्ट संपेपर्यंत रांग रिकामी झालेली असते. दोन कोअरच्या, गर्दीच्या रनरवर वर्कर मागे पडतो. उपाय म्हणजे लॉगरची ओळ क्यूच्या वर नेणं. लॉगरमध्ये नल तपासणारा ‘इफ’ घालून हा बग बरा होत नाही. एकाच थ्रेडचा ट्रेस पाहिला असता तर मात्र तोच ‘इफ’ पडला असता.

पुन्हा घडवून आणणं

कोअरमधून उत्तर मिळालं नाही तर क्रॅश हातात पकडावा लागतो. सीआयचीच इमेज, टॅगने नव्हे तर डायजेस्टने (नेमकी तीच इमेज ओळखणाऱ्या हॅशने), लॅपटॉपवर चालवा आणि ‘--सीपीयूज=२’, ‘--मेमरी’ याही मर्यादा तशाच घाला. तरीही घडत नसेल तर शेजारी ‘स्ट्रेस-एनजी’ चालवून सीपीयूला ओझं द्या, किंवा ‘टास्कसेट’ने सगळे थ्रेड एकाच सीपीयू कोअरवर बांधा. गूगल टेस्टमध्ये ‘रिपीट’ आणि ‘शफल’ हे दोन्ही पर्याय आहेत. शफलचा सीड (टेस्टचा क्रम ठरवणारा आकडा) लॉगमध्ये छापला जातो, तो जपून ठेवा.

एकटी चालवल्यावर पास होणारी टेस्ट संचात कोसळत असेल तर आधीच्या कुठल्यातरी टेस्टने मेमरी किंवा ग्लोबल स्थिती बिघडवली आहे. तिच्याआधीच्या टेस्टची यादी निम्मी करत जा. २०० टेस्टमधून एक गुन्हेगार आठ फेऱ्यांत सापडतो.

सगळ्या टेस्ट पास झाल्याचं छापून आल्यावर १३९ आला तर टेस्टच्या बॉडीत शोधू नका. ग्लोबल ऑब्जेक्ट नष्ट होताना एखादा थ्रेड जिवंत राहिला आहे किंवा एक्झिट हँडलर नष्ट झालेली गोष्ट वापरतोय.

जीडीबीखाली चालवल्यावर क्रॅश गायब होतो अशी तक्रार सतत ऐकू येते. एक कारण असं की जीडीबी पत्त्यांचं रँडमायझेशन (दर रनला मेमरीचे पत्ते बदलणं) बंद करतो. ‘सेट डिसेबल-रँडमायझेशन ऑफ’ दिल्यावर ते परत चालू होतं.

किती वेळा चालवायचं याचं साधं गणित आहे. क्रॅश ५ टक्के वेळा होत असेल तर लागोपाठ २० रन पास होण्याची शक्यता ३६ टक्के असते. म्हणजे २० हिरवे रन पाहून ‘गेला वाटतं’ म्हणणं चुकीचं. ९५ टक्के खात्रीसाठी ५९ रन लागतात, ९९ टक्क्यांसाठी ९०. क्रॅश १ टक्का असेल तर ९५ टक्क्यांसाठी २९९. अंदाजे हिशेब: ३ला क्रॅशच्या दराने भागा.

सॅनिटायझर

मेमरीच्या बगसाठी ॲड्रेस सॅनिटायझर (बिल्डमध्ये मेमरी-तपासणीचा कोड घालणारी कंपाइलरची सोय) हे पहिलं हत्यार. कंपाइल आणि लिंक दोन्हीला ‘-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस’ द्या. वेग साधारण निम्मा होतो; व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनात तो दहा ते पन्नास पटीने घटतो, आणि टायमिंगवर अवलंबून असलेला बग तेवढ्या संथपणात लपूनही बसतो. वरच्या नमुन्यावर सॅनिटायझरचा रिपोर्ट ‘हीप-यूज-आफ्टर-फ्री’ असं म्हणतो आणि तीन स्टॅक देतो: कुठे वाचलं, कुठे फ्री झालं, कुठे अलोकेट झालं. यातला मधला स्टॅक सर्वांत मोलाचा. तिथे फिक्सचरचा डिस्ट्रक्टर सरळ नावानिशी दिसतो.

काही खाचखळगे. ६४ बिटवर हा सॅनिटायझर कोअर बंद ठेवतो; हवा असेल तर ‘एसॅन_ऑप्शन्स’मध्ये ‘अबॉर्ट_ऑन_एरर=१:डिसेबल_कोअरडंप=०’ लिहा. पायथन एक्स्टेंशन तपासताना इंटरप्रिटर सॅनिटायझरशिवाय बांधलेला असतो, म्हणून सॅनिटायझरची लायब्ररी लिबएसॅन ‘एलडी_प्रीलोड’ने आधी लोड करावी लागते; ‘पायथनमॅलॉक=मॅलॉक’ही द्या, नाहीतर पायथनचा स्वतःचा अलोकेटर लहान ब्लॉक सॅनिटायझरपासून लपवतो. लीकच्या रिपोर्टचा पूर आला तर ‘डिटेक्ट_लीक्स=०’. आणि टेस्ट सुरू होण्याआधीच ‘डेडलीसिग्नल’ची रांग लागली तर दोष तुमच्या कोडचा नसेल. २०२४मध्ये उबुंटू रनरच्या कर्नलमध्ये पत्त्यांच्या रँडमायझेशनचे बिट ३२ झाले आणि जुने सॅनिटायझर त्यावर कोसळू लागले. ‘व्हीएम.एमएमॅप_आरएनडी_बिट्स=२८’ केलं किंवा नवा कंपाइलर घेतला की ते थांबतं.

दोन थ्रेडच्या भांडणाचा संशय असेल तर थ्रेड सॅनिटायझर. तो ॲड्रेस सॅनिटायझरबरोबर एकाच बिल्डमध्ये चालत नाही, वेगळा जॉब करा. वेग ५ ते १५ पटीने घटतो आणि मेमरीही ५ ते १० पट लागते, म्हणून जॉबच्या वेळेची आणि मेमरीची मर्यादा वाढवायला विसरू नका, नाहीतर १३७ घेऊन परत याल.

कोणत्या कमिटने आणला

कमिटची यादी निम्मी करत बग आणणारा कमिट शोधणारं ‘गिट बायसेक्ट रन’ इथे कामाचं आहे. हजार कमिट दहा फेऱ्यांत संपतात. पण क्रॅशच्या बाबतीत एक सापळा आहे. बायसेक्ट ० म्हणजे चांगला, १२५ म्हणजे वगळा, १ ते १२७ मधले बाकीचे म्हणजे वाईट असं समजतो. १२८ किंवा त्यावरचा कोड आला की तो शोधच थांबवतो. म्हणजे १३९ सरळ परत दिला तर पहिल्याच वाईट कमिटवर बायसेक्ट बंद पडतो. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहा: बिल्ड फेल झाला तर १२५, टेस्ट ९० वेळा चालवा, एकदाही शून्याशिवाय काही आलं तर लगेच १, सगळे रन पास झाले तरच ०. दर फेरीला ९० रन जास्त वाटतील, पण ५ टक्क्यांच्या क्रॅशला २० रनवर ‘चांगला’ ठरवलं तर बायसेक्ट भलत्याच कमिटवर नेऊन सोडतो आणि बिचाऱ्या निर्दोष बदलाचं रिव्हर्ट होतं. स्क्रिप्ट रेपोच्या बाहेर ठेवा, कारण जुन्या कमिटवर गेल्यावर रेपोतली स्क्रिप्ट नाहीशी होते. सबमॉड्यूल असतील तर प्रत्येक फेरीत अपडेट करा.

सापडलेला कमिट नेहमी मूळ दोषी असतो असं नाही. नुसत्या वेग वाढवणाऱ्या बदलाने जुनी रेस (दोन थ्रेडची एकाच मेमरीवरची शर्यत) उघडी पडते. त्या कमिटचा डिफ आणि क्रॅशचा ट्रेस शेजारी ठेवा; ट्रेसमधलं एकही फंक्शन त्या बदलाशी जोडता येत नसेल तर बग त्याआधीचा आहे असं धरून चाला.

दुरुस्ती झाल्यावर दोन रन-मालिका घ्या. दुरुस्ती काढून त्याच मशीनवर, त्याच ओझ्याखाली क्रॅश अजून होतोय ना, हे आधी पाहा. मग दुरुस्तीसह ९० रन. पहिली मालिका टाळली तर हिरवा रंग दुरुस्तीमुळे आला की त्या दिवशी रनर मोकळा होता म्हणून आला, हे सांगता येत नाही. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात आधीचा ट्रेस, क्रॅशचा दर आणि दोन्ही मालिकांचे आकडे लिहा, आणि ती टेस्ट ॲड्रेस सॅनिटायझरच्या रात्रीच्या जॉबमध्ये टाका.